कालनिर्णयवरचे ठिपके: अर्धशिशी नवी असेल आणि डॉक्टर ऐकत नसतील तर

इंदुरात डॉक्टरांशी बोलणं हिंदीत होतं, म्हणून ते तसंच सांगते.

"क्या तकलीफ है?"

"सिर दर्द, डॉक्टर साहब."

"कब से?"

"नौ साल से."

"फिर तो आदत हो गई होगी."

हे म्हणताना त्यांनी मान वर केली नव्हती. मागच्या बाकावरचा माणूस हसला. मीही हसले, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर रडू आलं आणि रडल्यामुळे डोकं आणखी चढलं.

याला पाच वर्षं झाली. मी राजेंद्र नगरात राहते, आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. अर्धशिशी जुनी आहे आणि पूर्ण गेलेली नाही. ओळखीतल्या कुणाला पहिल्यांदा "मायग्रेन है" असं सांगितलं गेलं की फोन मला येतो, आणि तेच तेच सांगून झाल्यावर वाटलं की एकदाचं लिहून टाकावं. मी डॉक्टर नाही. खाली औषधांची नावं येतील ती ओळख व्हावी म्हणून. दवा बाजारात जाऊन मागू नका.

माझी बरीच वर्षं डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दया शोधण्यात गेली. दया मिळाली तर उत्तमच. पण ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असताना ती प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. आकडा मात्र त्याही डॉक्टरला वाचावा लागतो. तेव्हा दुखणं किती वाईट आहे हे पटवण्याआधी ते किती दिवस आहे हे मोजायला शिका.

मोजत बसायचं नाही असं दुखणं

हे आधी, कारण बाकी सगळं यानंतर. पुढचं काहीही झालं तर वही-पेन बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीत जायचं, रात्री दोन वाजता असलं तरी: मिनिटभरात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, तापासोबत मान ताठ, हातापायात अशक्तपणा, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेलं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. खोकताना किंवा जोर लावताना उठणारं, किंवा आडवं-उभं झाल्यावर एकदम बदलणारं दुखणंही लवकर दाखवायचं. जुनी अर्धशिशी असलेल्यांनी तर जास्तच जपायचं. आपल्याला "नेहमीचंच असेल" म्हणायची सवय लागलेली असते आणि घरच्यांनाही. नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर "नेहमीचं नाही" हे शब्द मोठ्याने बोला.

पित्त, सायनस, सर्वाइकल

अर्धशिशी आपल्या घरात स्वतःच्या नावाने येत नाही. मराठी घरात ती पित्त म्हणून येते. "पित्त उठलंय, ओकारी झाली की उतरेल." आणि ओकारी झाल्यावर पुष्कळांचं खरोखर उतरतं, त्यामुळे आजीचं म्हणणं सिद्ध होतं. हेच आपण डॉक्टरांना "पित्त होता है" म्हणून सांगतो, ते "एसिडिटी" ऐकतात आणि पर्च्यावर सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लिहून मोकळे होतात. माझी दोन वर्षं अशी गेली. उलट बाजू अशी की मळमळ आणि ओकारी हा अर्धशिशीचाच भाग आहे. अटॅकमध्ये पोटाची हालचाल मंदावते, घेतलेली गोळी तशीच पडून राहते. म्हणून तर डॉक्टर दुखण्याच्या गोळीबरोबर ओकारीची गोळी देतात.

दुसरं नाव सायनस. अटॅकमध्ये नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं, गालाच्या हाडात दाब वाटतो, म्हणून वाफारे सुरू होतात. पिवळा-हिरवा शेंबूड आणि ताप नसताना महिन्यातून चारदा "सायनस" होत असेल तर शंका घ्या.

तिसरं नाव खास आपल्याकडचं. इंदुरात चाळिशीच्या प्रत्येक माणसाला सर्वाइकल, म्हणजे मानेच्या मणक्यांचं दुखणं असतं. मान अवघडणं अर्धशिशीत अगदी नेहमीचं, कधी डोकं उठायच्या आधीच सुरू होतं. मानेचा एक्सरे काढला की वयानुसार काहीतरी झीज दिसतेच, आणि गळ्यात पट्टा येतो. मीही तो पट्टा घालून नातेवाइकांच्या लग्नात फोटो काढून घेतलेत.

मग ओळखायचं कसं? दुखणं उपचार न केल्यास 4 ते 72 तास टिकतं. एका बाजूला असतं (नेहमीच नाही), नाडीबरोबर ठणकतं, कामात अडथळा आणण्याइतकं असतं, जिना चढल्यावर वाढतं; या चारांपैकी दोन तरी. शिवाय मळमळ, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे. असे पाच अटॅक येऊन गेले असतील तर डॉक्टर अर्धशिशीचा विचार करतात. काहींना आधी पाच मिनिटं ते तासभर डोळ्यापुढे नागमोडी चमकत्या रेघा दिसतात, त्याला ऑरा म्हणतात. ऑरा येत असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय उठू नका, विशेषतः पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर. ऑरा आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या ही जोडी पक्षाघाताचा धोका वाढवते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ व न्यूरोलॉजिस्ट एकमेकांचे पर्चे वाचत नाहीत.

कालनिर्णय उतरवा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर सासूबाई दुधाचा हिशोब ठेवतात. दूध आलं नाही तर तारखेवर फुली, पाहुणे आले म्हणून जास्त घेतलं तर "+½". त्याच चौकोनात उजव्या कोपऱ्यात, एकादशी-चतुर्थीच्या अक्षरांना चुकवून, माझे ठिपके असतात.

पद्धत अशी. डोकं नुसतं जड किंवा हलकं दुखलं, तर रिकामं वर्तुळ. ठणका, मळमळ, उजेड सहन होत नाही असं दुखणं, तर भरलेला ठिपका. दुखण्याची कुठलीही गोळी घेतली तर खाली आडवी रेघ. त्या दिवशी तीन गोळ्या घेतल्या तरी रेघ एकच, कारण दिवस मोजायचे आहेत. पाळी आली की "पा". एवढंच. सुरुवातीला मी वहीत जेवण, झोप, हवा, भांडणं असे अकरा रकाने आखले होते. ती वही पाच दिवस चालली. मोबाइलवर यासाठी अॅप आहेत, ज्यांना जमतं त्यांनी ती वापरावीत, पण अटॅकमध्ये मला स्क्रीनकडे बघवत नाही आणि भिंतीवरचं कालनिर्णय चहा टाकता टाकता समोर येतं.

महिनाअखेरीस तीन आकडे काढायचे: एकूण दुखण्याचे दिवस, त्यातले भरलेले ठिपके, आणि रेघा. माझ्या पहिल्या महिन्याचे होते एकोणीस, अकरा, सतरा.

आता या आकड्यांचा अर्थ. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार (त्याची तिसरी आवृत्ती 2018 मध्ये आली) महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीचे असतील, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर तिला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. म्हणजे "जुनी" हा शब्द इथे वर्षांनी ठरत नाही, महिन्यातल्या दिवसांनी ठरतो. माझ्या चुलत नणंदेला वीस वर्षं अर्धशिशी आहे, पण महिन्यातून दोनदा; ती या व्याख्येत बसत नाही. मी बसत होते.

खरी गंमत रेघांची आहे. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, अथवा मिश्र गोळी (दोन-तीन औषधं एकत्र, बऱ्याचदा कॅफिन घातलेली), ट्रिप्टान किंवा एर्गोटामिन (या खास अर्धशिशीच्या गोळ्या) 10 दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. किराणा दुकानात चहापत्तीशेजारी मिळणारी, "फट्कन उतरवणारी" गोळी यातल्या मिश्र गटात बसते. मी तीच घेत होते. सतरा रेघा.

ही गोळी मला कुणी उद्धट डॉक्टराने दिली नव्हती. आमचे तेव्हाचे घरचे डॉक्टर फार प्रेमळ. "बेटा" म्हणायचे, चहा विचारायचे, घरी येऊन तपासायचे. तीन वर्षं त्यांनी मला गोड बोलून तीच पट्टी दिली आणि महिन्यात किती दिवस घेतेस हे एकदाही विचारलं नाही. नंतर ज्यांनी विचारलं ते न्यूरोलॉजिस्ट इतके तुसडे होते, की त्यांच्या केबिनमधून बाहेर पडल्यावर मी परत यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी कालनिर्णयच्या फोटोवर पेनाच्या टोकाने रेघा मोजल्या, "ये गोली बंद", एवढंच म्हणाले. गोळी सोडल्यावर दहा दिवस डोकं पूर्वीपेक्षा वाईट दुखलं. असं होणार हे त्यांनी सांगितलं असतं तर मी त्या दहा दिवसांत स्वतःला इतके शिव्याशाप दिले नसते. पण ते बरोबर होते.

मराठी दुखणं हिंदीत नेताना

आपल्याकडे दुखण्याला शब्द भरपूर आहेत आणि डॉक्टरला त्यातला नेमका शब्द कळला तर त्याचं अर्धं काम होतं. पण "ठणकतंय" याचं हिंदी आयत्या वेळी सुचत नाही आणि आपण "बहुत दर्द होता है" म्हणून गप्प बसतो. मी कागदावर आधीच लिहून नेते.

ठणका म्हणजे "नाड़ी के साथ धक-धक करके दुखता है". हे अर्धशिशीकडे बोट दाखवतं. डोक्याला पट्टा आवळल्यासारखं, दोन्हीकडून दाबल्यासारखं म्हणजे "कसाव लगता है, दबाव लगता है". हे ताणाच्या डोकेदुखीचं लक्षण असू शकतं, औषध वेगळं. शिणक किंवा चमक, सेकंदभर सुई टोचल्यासारखी, म्हणजे "करंट जैसा लगता है". दात घासताना किंवा गार वारा लागताच गालात येत असेल तर तो नसेचा वेगळाच आजार असू शकतो. मळमळ म्हणजे "जी मिचलाता है". "भणभणतंय" याला मला आजवर हिंदी सापडलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा.

"चक्कर" हा शब्द जपून वापरा. त्यात घर फिरल्यासारखं वाटणं, डोळ्यापुढे अंधारी येणं आणि चालताना तोल जाणं अशा तीन वेगळ्या गोष्टी मावतात, आणि तिन्हींच्या तपासण्या वेगळ्या.

आणि "दस में से दस" म्हणू नका. खुर्चीत बसून, धड बोलत असलेल्या बाईने दहा म्हटलं की समोरचा मनातल्या मनात चार लिहितो. त्याऐवजी जे सुटलं ते सांगा: फोडणी अर्धवट टाकून गॅस बंद केला आणि फरशीवर आडवी झाले. बॅच सोडून दिली. मुलाला शाळेतून आणायला जाता आलं नाही.

एक कागद

सुटलेल्या गोष्टी मोजायची एक रीत डॉक्टरांमध्येच चालते. तिचं नाव मिडास. मागच्या तीन महिन्यांबद्दल पाच प्रश्न: नोकरी किंवा शाळेचे किती दिवस बुडाले, किती दिवस तिथलं काम निम्म्यावर आलं, घरकामाचे किती दिवस पूर्ण बुडाले, किती दिवस घरकाम निम्म्यावर आलं, आणि घरच्यांबरोबरचे, गंमतीचे, सणासुदीचे किती प्रसंग हुकले. पूर्ण बुडालेला दिवस निम्म्यावर आलेल्या दिवसांत पुन्हा मोजायचा नाही. बेरीज 21 किंवा जास्त आली तर तो सर्वांत वरचा, गंभीर गट. पाचव्या प्रश्नाला लाजू नका. सानंदचं (ही इंदुरातली मराठी नाटकं आणणारी संस्था) नाटक हुकणं हे हुकणंच आहे, वर्गणी भरलेली असते.

माझी पहिली बेरीज 47 होती. ती पाहून मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, भले एका फॉर्मने, मान्य केलं होतं.

आता हे सगळं एका कागदावर, एकाच बाजूला. वर तीन महिन्यांचे तीन-तीन आकडे. खाली मिडासची बेरीज. मग आतापर्यंत घेतलेली औषधं: नाव, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, का सोडलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "फायदा नाही" आणि "झोप फार यायची म्हणून बारा दिवसांत सोडलं" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग दमा, ब्लडप्रेशर, हृदयविकार, मुतखडा, गर्भधारणेचा विचार, यातलं जे असेल ते. तळाला तीन प्रश्न. चौथा नको, चौथ्या प्रश्नाला घंटी वाजते.

जुन्या फायली घेऊन जा, पण पिशवीतून काढू नका. मांडीवर जाड फाइल दिसली की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते तुम्ही पाहिलं असेलच.

आत गेल्यावर

बसण्याआधी कागद टेबलावर ठेवा, अक्षरं डॉक्टरांकडे करून. आणि एकच वाक्य, घरी पाठ केलेलं: "डॉक्टर साहब, तीन महीने से हर महीने अठारह-उन्नीस दिन सिर दुखता है, उसमें ग्यारह दिन उल्टी और रोशनी वाला, और सत्रह दिन गोली खानी पड़ती है." मग गप्प. ही शांतता आपल्याला जड जाते, आपण ती भरायला सासर-माहेर सांगायला लागतो. नका सांगू. त्यांना कागद वाचू द्या.

तीन प्रश्न माझे हे असतात. याला तुम्ही काय नाव देता? ही गोळी रोजची की दुखल्यावरची, आणि दुखल्यावरची असेल तर महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस? किती आठवड्यांनी फरक पाहायचा आणि नाही पडला तर पुढचं पाऊल काय? उत्तरं पर्च्यावरच लिहून मागा. बोललेलं पार्किंगपर्यंत निम्मं विसरतं.

"टेन्शन मत लो" हे येणारच. यावर भांडू नका, कारण ताण हे कारण असू शकतं हेही खरंच. मी म्हणते, "जी, टेन्शन भी है. उसका अपना देख लूँगी, आप इन ग्यारह दिनों का बताइए." दुसरं हमखास वाक्य: "एमआरआई नॉर्मल है, आपको कुछ नहीं है." अर्धशिशीत एमआरआय बहुधा नॉर्मलच येतो. गाठ किंवा रक्तस्राव नाही इतकंच तो सांगतो, आणि लक्षणं ठरलेली व तपासणी व्यवस्थित असेल तर पुष्कळदा तो काढायचीही गरज नसते. तेव्हा नॉर्मल रिपोर्टावर आनंद माना आणि विचारा, "अच्छा है. तो अब इलाज मायग्रेन का करें?"

सोबत कुणाला न्यायचं, यावर माझं मत बदललंय. आधी मी एकटी जायचे, कारण हे बरोबर असले की डॉक्टर माझ्याबद्दल ह्यांच्याशीच बोलायचे, मी जणू दुरुस्तीला आणलेली मिक्सर. पण एकदा हे सहज म्हणाले, "दो-दो दिन अंधेरे कमरे में पड़ी रहती है, पानी भी उलट देती है", आणि डॉक्टरांचं पेन दहा सेकंदांत चालू झालं. मी तेच दोन वर्षं सांगत होते. संताप आला, अजूनही येतो. पण आता मी ह्यांना नेते आणि रिक्षातच ठरतं: त्यांनी फक्त पाहिलेलं सांगायचं, बाकीचं मी बोलणार.

गोळ्यांबद्दल, ओळखीपुरतं

दोन डबे वेगळे ठेवा. एक दुखल्यावरच्या गोळ्यांचा, एक रोजच्या.

दुखल्यावरची गोळी डोकं उठू लागताच घ्यायची. "बघू, उतरेल" म्हणत तीन तास काढले की मग ती गोळी पोटात नुसती पडून राहते. नॅप्रोक्सेनसारख्या गोळ्या आणि सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही ट्रिप्टान नावाची मंडळी इथे येतात. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेलं ब्लडप्रेशर असेल तर ट्रिप्टान चालत नाहीत. शेजारणीची गोळी म्हणूनच घ्यायची नसते.

रोजची गोळी आजचं दुखणं थांबवत नाही, पुढच्या महिन्यातले ठिपके कमी करते. ठरलेल्या मात्रेवर सहा-आठ आठवडे, कधी तीन महिने द्यावे लागतात, आणि ठिपके निम्मे झाले तरी डॉक्टर त्याला यश म्हणतात. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून लोक पंधरा दिवसांत सोडतात. त्रासही कुणी सांगत नाही, तर थोडक्यात: प्रोप्रॅनोलॉल दम्यात चालत नाही. फ्लुनारिझिनने झोप, वजन आणि काहींना मनाची उदासी वाढते. अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडं पडतं, सकाळी जडपणा राहतो. ती मुळात डिप्रेशनची गोळी आहे, पण तुम्हाला दिली म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला वेडी ठरवलं असं नाही, कमी मात्रेत ती दुखण्यावर चालते. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात आणि शब्द आठवत नाहीत. मला फळ्यासमोर "कर्ण" हा शब्द आठवेना, काटकोन त्रिकोण काढून मुलांनाच विचारलं.

या गोळ्यांनी नाही भागलं तर क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, कपाळ-डोकं-मानेत साधारण दर बारा आठवड्यांनी. सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी नवी औषधंही आली आहेत. दोन्ही महाग. तिथवर जायला आधीचं काय काय घेऊन झालं याची नोंद लागते, म्हणजे पुन्हा तोच कागद.

डॉक्टर बदलायचे का?

गोड बोलत नाहीत म्हणून बदलू नका. ऐकत नाहीत म्हणून बदला. या दोन गोष्टी मी बराच काळ एकच समजत होते.

माझी फूटपट्टी साधी आहे. दिवस विचारतात का, गोळ्या मोजतात का, पुढची तारीख आणि पुढचं पाऊल सांगतात का? सांगत असतील तर त्यांचा तिरसटपणा मी फीमध्ये धरते. पण एका ठिकाणी मी थांबत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही दोन्ही औषधं पोटातल्या बाळाला इजा करू शकतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ती लिहिताना जे डॉक्टर गर्भाबद्दल एक शब्द विचारत नाहीत, किंवा तिने "लग्न ठरलंय" सांगायला तोंड उघडल्यावर "वो बाद में" म्हणतात, तिथे प्रश्न स्वभावाचा उरत नाही. त्याच दिवशी दुसरं दार शोधा. (गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, विचारून करा.)

दुसरं मत घेणं हा अपमान नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्ण-हक्कांच्या सनदेत तो हक्क म्हणून लिहिला आहे. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर त्या 72 तासांत द्यायच्या असतात. मी एका दवाखान्यात भरती झाले होते तेव्हाची फाइल मागितली, तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मैडम, क्या करोगी उसका?" साध्या कागदावर अर्ज लिहिला, पोचेवर सही-शिक्का मागितला, तिसऱ्या दिवशी फाइल मिळाली. तोंडी मागून मी आधी तीन चकरा मारल्या होत्या.

सरकारीत जायचं तर एम.वाय. रुग्णालय आहे, इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचं. सकाळी लवकर पर्चा काढा, टोपी आणि गॉगल न्या, रांगेत बिस्किटाचा पुडा ठेवा. उपाशीपोटी उभं राहून डोकं उठवून घेतलं, तर आत गेल्यावर कागद डॉक्टरांना द्यायचीही ताकद राहत नाही. अटॅक चालू असताना पहिली भेट ठरवू नका, निभत नाही. एकदा उपचार बसला की दर वेळी गावभर जायची गरज नाही. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनी व्हिडिओवर सल्ला घेता येतो, बरेच डॉक्टर फेरतपासणी तशी करतात.

घर, सण, सराफा

इथे मी भराभर जाते, कारण प्रत्येकाचं निराळं. झोप, जेवण आणि चहा यांच्या वेळा रविवारीही त्याच ठेवा, एवढं बहुतेकांना लागू पडतं. रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन एकला परत येणं मी सोडलंय. पाहुणे हट्ट करतात तेव्हा घरी जेवून साडेनऊला छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीला नेते. गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) दिवशी राजवाड्याकडे फिरकत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघितल्याशिवाय राहवत नाही, तर कानात बोळे घालून, सुरुवातीच्या दोन-तीन बघून परत.

उपवासाचं मात्र सांगायलाच हवं. माझ्या कालनिर्णयवर चतुर्थीच्या चौकोनांत ठिपके जवळजवळ ठरलेले होते. पोट रिकामं राहिलं की डोकं उठायचं, आणि हरतालिकेचं निर्जळ म्हणजे तर हमखास ओकारी. हे मी सासूबाईंना तोंडाने सांगायला कचरत होते. शेवटी ऑगस्टचं पान उलटताना त्यांनाच ते दिसलं, कारण त्यांच्या फुल्या आणि माझे ठिपके एकाच चौकोनात असतात. त्या महिन्यात दूधवाला गावी गेला होता, त्यांच्या फुल्या सात होत्या. त्यांनी चष्मा वर करून दोन्ही मोजलं.

"तुझे खाडे दूधवाल्याहून जास्त आहेत गं," म्हणाल्या. त्या वर्षी हरतालिकेला सकाळी सात वाजता माझ्या हातात दुधाचा पेला होता, आणि वर शहाळं फोडायला ठेवलेलं.